बाटलीवर न लिहिलेलं

स्टुटगार्टची गाडी दुपारची होती. सासूबाई बॅग भरत होत्या आणि अरुणा दाराला टेकून उभी होती. जे सांगायचं ते त्या निघायच्या आत सांगणं भाग होतं.

सकाळी क्रांतीचा फोन आला होता. स्टुटगार्टला राहणारी क्रांती म्हणजे अरुणाची नणंद, तिच्या नवऱ्याची, देवानंदची धाकटी बहीण. तिला सहावा महिना सरत आला होता. काही आठवडे चक्कर येत होती, आणि आता बाळाभोवतीचं पाणी कमी झालं म्हणून डॉक्टरांनी तिला रुग्णालयात ठेवून घेतलं होतं.

"रक्तदाबाचं वगैरे कसलं औषध घेता, म्हणून खोदून खोदून विचारतायत, वहिनी," ती म्हणाली होती. "मी आपली जर्मनमध्ये म्हणते, काइने. एकही नाही."

एरवी लेकीकडे जाऊन दोन दिवसांत परतणाऱ्या सासूबाई या खेपेला महिनाभर तरी राहणार होत्या. तेवढा काळ त्यांच्या टॉनिकच्या बाटलीपर्यंत अरुणाचा हात पोहोचणार नव्हता.

टॉनिक नागपूरचं. मोबाइलवरच्या जाहिरातीत एक निवृत्त मुख्याध्यापक छातीवर हात ठेवून सांगत, की गोळ्या सुटल्या आणि रक्तदाब उतरला. सासूबाईंनी मुख्याध्यापकांवर विश्वास ठेवला आणि बॉनच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांना हात लावला नाही. अरुणा औषधशास्त्राची संशोधक. तिने बाटली प्रयोगशाळेत नेऊन तपासली आणि निष्कर्ष जेवणाच्या टेबलावर जाहीर केला. गूळ, पाणी, सुंठ. गुण शून्य, अपायही शून्य.

"गुळाला नावं ठेवू नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्यासमोर दोन चमचे घेतले.

त्यानंतर अरुणाने त्यांना संग्रहालयात नेलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पेटंट औषधांचं प्रदर्शन तिच्याच सल्ल्याने मांडलं होतं. तिने नेहमीच्या कोरड्या सुरात माहिती दिली. पेटंट हे बहुधा नावापुरतं असे. नोंदणी व्हायची ती नावाची, बाटलीतले घटक गुप्त राहायचे. खप व्हायचा तो मरणाच्या दारातून परतलेल्यांच्या पत्रांवर, पाद्र्यांच्या शिफारशींवर, सुरेख चित्रांवर.

एका रंगीत कार्डावर आईच्या मांडीवर गुबगुबीत बाळ होतं आणि खाली छापलं होतं, 'संपूर्ण निर्धोक'.

"मुलांना शांत झोपवणारं सरबत," अरुणा म्हणाली. "त्यात अफूचा अर्क असायचा. काही मुलं उठलीच नाहीत."

सासूबाई त्या कार्डापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "त्या आयांना कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही. बाटलीवर लिहिलेलंच नसायचं."

त्या संध्याकाळीही टॉनिकची बाटली उघडली गेली. अरुणाने वाद सोडून दिला. तिने डॉक्टरांच्या गोळ्या खलात कुटल्या, चमच्यांचं प्रमाण बसवलं आणि त्या बाटलीत मिसळल्या. पुढच्या प्रत्येक बाटलीचं तेच. देवानंदलाही तिने यातलं काही कळू दिलं नाही.

उपाय लागू पडला. बाटलीतली पातळी रोज ठरल्याप्रमाणे खाली जाई आणि सासूबाईंचा रक्तदाब उतरत गेला. दोन स्वतंत्र निरीक्षणं एकमेकांना दुजोरा देत होती. त्यांतून निघणाऱ्या निष्कर्षाविषयी तिला शंका नव्हती. टोचणी होती ती निराळी. संग्रहालयात त्या बाळाच्या कार्डासमोरून जाताना ती मान खाली घालत असे. आपला हेतू वेगळा आहे, मात्रा मोजलेली आहे, हे ती स्वतःला समजावून सांगे. पण बाटलीवर तिनेही काही लिहिलेलं नव्हतं.

"आई, जरा बसा. एक सांगायचंय."

"बसले की गाडी गेली. तू बोल, मी घड्या घालते."

अरुणाने सगळं सांगितलं. "तुम्हाला न विचारता केलं," ती शेवटी म्हणाली. "चुकलंच माझं. तुम्ही आता नेताय त्या बाटलीत काही मिसळलेलं नाही, म्हणून तिकडे गोळ्या उघड घ्या. माझ्यावर रागवा, पण गोळ्या घ्या."

सासूबाईंचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या.

"म्हणजे तू चोरून घालत होतीस आणि मी चोरून घेत होते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बॅगेच्या तळातून नागपूरहून येताना आणलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली. "ते बाळाचं चित्र पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू केल्या. तुला सांगितलं असतं, तर देवानंदपुढे महिनाभर मिरवलं असतंस."

"मिरवलंच असतं," अरुणाला कबूल करावं लागलं, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच तिला मोकळं हसू आलं. ते ओठांवर असतानाच तिच्यातली संशोधक जागी झाली. "पण मग तुम्हाला दुप्पट मात्रा जात होती, आई. कधी गरगरलं नाही?"

"दुप्पट कशी? टॉनिक मी तेव्हाच सोडलं. थेंबही घेतला नाही."

"बाटली तर रोज उतरत होती."

सासूबाईंच्या हातातली घडी अर्धवट राहिली. "अरुणा, सगळ्या बाटल्यांत घातल्यास?"

"प्रत्येक."

त्या पलंगाच्या कडेवर हळूच टेकल्या.

"क्रांतीला आवडतं गं ते," त्या म्हणाल्या. "रोजचे दोन चमचे बरणीत साठवून मी तिला नेऊन देत होते. तूच तपासलं होतंस ना, नुसता गूळ आहे म्हणून."