दोन नंबरची जागा

“अपडेट करू नका, वहिनी. शेवटचं सांगतो,” दातांचे डॉक्टर म्हणाले.

“कराच,” कंत्राटदार म्हणाला. “गिअर बदलताना ही गाडी असा हिसका देते, की डॉक्टरांकडे गिऱ्हाइकं वाढतात. दात हलून.”

पेट्रोल पंपाशेजारच्या कॅन्टीनमध्ये दर रविवारी हाच वाद चाले. बाहेर त्यांच्या दोन दारांच्या, जमिनीला पोट टेकल्यासारख्या गाड्या उभ्या. मॉडेल एकच, पण डॉक्टरांची गाडी पहिल्या सालची, कंत्राटदाराची पुढच्या सालची. पुढच्या साली कंपनीने आतला कॉम्प्युटर मोठा बसवला. पहिल्या सालच्या गाड्यांचं डोकं लहानच राहिलं. त्यात नवं सॉफ्टवेअर घातलं की हिसका जातो, पण जुनं सगळं पुसलं जातं: रेडिओ, आरसे, सीटच्या लक्षात ठेवलेल्या जागा.

“आणि इंजिनाचा स्वभाव मवाळ होतो, त्याचं काय?” डॉक्टर म्हणाले. “लग्नाआधीचा माणूस आणि लग्नानंतरचा.”

“मग बरंच की,” ती म्हणाली. दोघे हसले. ती हसली नाही.

बाहेरची पिवळी गाडी तिच्या नवऱ्याची. आज गॅरेजवाल्याने आणून लावली होती. नवरा हिवाळ्यात गेला. या टेबलावर अपडेटचा सगळ्यात कट्टर वैरी तोच. पहिल्या सालची गाडी पहिल्यासारखीच राहिली पाहिजे, म्हणायचा. मित्रांनी त्याचं नावच ‘पहिलटकर’ ठेवलं होतं.

ती शिवणकाम करायची. घरातली छोटी गाडी ती सराईतपणे चालवायची, पण या पिवळीला तिने कधी हात लावला नव्हता. गाडी आली त्या दिवशी नवऱ्याने किल्ली पुढे धरली होती. “बघ तरी चालवून.”

“तुमचं खेळणं तुम्हाला लखलाभ,” मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली होती. किल्ली थोडा वेळ तशीच हवेत राहिली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

तसा तो अर्धवट कामांचा राजाच. एकदा तिचाच टेप घेऊन त्याने तिचं कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं. मशीनसाठी बेताची खुर्ची करून देतो म्हणाला. खुर्ची काही आली नाही.

तो गेल्यावर गाडी पुसताना तिने चालकाच्या दारावरची, सीटची जागा लक्षात ठेवणारी बटणं दाबून पाहिली. एक नंबर दाबला. सीट मागे गेली. त्याचे लांब पाय. मग दोन. सीट घरघरत पुढे आली, वर उचलली गेली आणि दाराच्या उंबऱ्यावर जिथे त्याच्या छत्रीचा ओरखडा होता, बरोबर तिथे येऊन थांबली.

कुणीतरी बुटकी. तरुणही असणार, अशा गाड्यांत बसणाऱ्या तरुणच असतात. त्यानंतर तिने ते बटण कितीदा तरी दाबलं. रिकामी सीट दर वेळी तितक्याच आदबीने पुढे यायची.

“एक विचारू, भावजी?” ती डॉक्टरांना म्हणाली. “ह्यांची गाडी आणखी कुणी चालवायचं का?”

“छे! मला कधी किल्ली दिली नाही, तिथे...” डॉक्टर थांबले. कंत्राटदार रिकाम्या कपात चमचा फिरवायला लागला.

“बोला ना.”

“अपडेटला इतका का नडतोस, असं विचारलं होतं एकदा. तर म्हणाला, दोन नंबर पुसला जाईल. ती येईल तेव्हा तिची जागा तयार हवी.” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “पुढे आम्ही विचारलं नाही, वहिनी.”

ती उठली.

गॅरेजवाला लॅपटॉप जोडून तयारच होता. गाडीच्या पडद्यावर प्रश्न आला: जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील. चालेल?

“मग परत आणता येत नाही हं, ताई,” तो म्हणाला. “दाबू?”

“मी दाबते.”

खिडकीतून हात घालून तिने ‘हो’ दाबलं. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. काहीतरी हलकं होईल असं तिला वाटलं होतं. झालं नाही. भांडायला तरी तो हवा होता.

“घरी आणून सोडतो,” गॅरेजवाला म्हणाला.

“नको. आता ती जागा कुणाचीच नाही. मीच नेते.”

ती पहिल्यांदाच त्या सीटवर बसली. पाय ब्रेकला पुरेना. तिने सीट पुढे घेतली, अजून थोडी. समोरच्या काचेतून नुसतं आभाळ दिसत होतं, म्हणून वर घेतली. आता टाच नीट टेकली, पाठ टेकली. अंगाबरोबर बेतून शिवल्यासारखं झालं.

दार ओढून घ्यायला ती वळली, तेव्हा सहज खाली लक्ष गेलं. सीटची कड छत्रीच्या ओरखड्यावर येऊन थांबली होती.