खुर्चीवरचं प्लास्टिक

रोज सकाळी मी तिसऱ्या मजल्यावरची खोली झाडते आणि तिथली एकुलती एक खुर्ची पुसते. तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून कुणी काढलेलं नाही. काल करखात्याचे साहेब दारात उभे. हातातला कागद बघितला, पाटी बघितली, पुन्हा कागद. “मावशी, सत्तर देशांत दुकानं असलेल्या कंपनीचं मुख्य ऑफिस हेच? सगळा नफा इथेच येतो म्हणे.” मी गोंधळले. कानाकोपरा झाडते, केरात कधी नफा दिसला नाही. तरी टेबलाचा खण उघडून दाखवला. माझंच फडकं निघालं. साहेबांनी डोकं खाजवलं. “इथे बसतं कोण?” “कुणीच नाही.” “मग काम कोण करतं?” “मी.” “आणि कर कोण भरतं?” आता हे मी सांगायचं? पिशवीतून पगाराची चिठ्ठी काढली, कापलेल्या रकमेवर बोट ठेवलं. “तोही मीच.” साहेब मटकन खुर्चीत बसले. प्लास्टिक पहिल्यांदाच करकरलं.