ऊब

कबुतर अंगणात गरागरा फिरत होतं. मान पार उलटी पडलेली, चोच आभाळाकडे. धोंडीराम त्याच्यापाशी उकिडवे बसून बोटानं पाणी पाजत होते.

"मामा, सोडा ते," सून शिवकन्या शेडच्या दारातून म्हणाली. "मानमोडी झालीय त्याला."

"मानमोडी कोंबड्यांला होती. हे कबुतर हाय."

"डॉक्टर म्हणले, ह्यांच्याकडूनच कोंबड्यांत येती. शिटंतून, पाण्यातून. आपल्या हातानंसुदिक."

धोंडीरामांनी ऐकून घेतलं, पण बोट काढलं नाही.

शेडमध्ये कोंबडीची आठवड्याची पिलं होती. लस अजून द्यायची होती. चिमणीसुद्धा आत येऊ नये म्हणून शिवकन्यानं खिडक्यांना बारीक जाळी मारली होती, पायानं रोग आत येऊ नये म्हणून दारात चुना पसरला होता. आणि इथं घरातलाच माणूस.

तिनं प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून कबुतर उचललं, लांब बांधावर नेऊन टोपल्याखाली झाकलं. सासऱ्यांना साबण दिला आणि हात धुऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

"मी आष्टीवरून लस घेऊन येते. तवर शेडात जाऊ नका."

"बरं."

ती परतली तेव्हा ऊन कललं होतं. थर्मासमधला बर्फ वितळायच्या आत पोचायचं म्हणून फाट्यापासून ती जवळजवळ पळतच आली. बांधावर टोपलं उलथं पडलं होतं. खाली काही नव्हतं.

शेडच्या दारातल्या चुन्यावर अनवाणी पावलं उमटली होती.

आत बल्बखाली, उबदार तुसात कबुतर बसलं होतं. शेजारी धोंडीराम.

"बाहीर वारं लई हाय," ते हळूच म्हणाले. "थरथरत होतं गं. आन् हात धुतले मी. आदी हात धुतले, मग त्याला उचललं."

शिवकन्यानं थर्मास दारातच खाली ठेवला.

अंडी उबवायच्या मशीनमध्ये जन्मलेली ती पिलं ढकलाढकली करत कबुतराच्या पंखाखाली शिरत होती.

"आई कदी बघितलीच न्हाई त्यांनी," धोंडीराम म्हणाले.

शिवकन्या गुडघ्यावर बसली आणि एकेक पिलू ओढून बाजूला ठेवू लागली. ठेवलेलं पिलू चिवचिवत पुन्हा पंखाकडे धावत होतं.