मुठीवरची दवा

मुंजाजी जिनगरानं जंबियाची मूठ धुतलीच न्हाई. आजवर ढीगभर जुन्या मुठी त्यानं नव्या केल्या होत्या. मुठीचं शिंग कीड लागून पांढरं पडलं की लाखेनं भोकं बुजवायची, वरून विलायती दवा चोपडायची, दिवसभर ऊन द्यायचं, मग स्वच्छ धुऊन तेल पाजायचं. दवा दिसायला नुसतं पाणी, पण ऊन लागलं की काळीकुट्ट. परभणीच्या दवाखान्यात तिनं चामखीळ जाळतात. कातड्याला लागली, तर पंधरा दिवस साबण काय अन् राख काय, कशाला दाद देत न्हाई.

आबासाहेब देशमुखांच्या जंबियाची मूठ कालच काळी झाली होती. तरी मुंजाजीनं काडीला कापूस गुंडाळून दवेचा आणखी एक हात दिला, अंधाऱ्या खोलीत वाळवला आणि जंबिया काळ्या फडक्यात बांधला. त्याची बायको धुरपताबाई उंबऱ्यात बसून बघत होती.

आखाडात देशमुखांच्या घरची नथ हरवली आणि आळ आला धुरपताबाईवर. आबासाहेबांनी चावडीपुढं स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाला काजळी फासली, गावभर फिरवलं. चौथ्या दिवशी नथ त्यांच्याच कणगीत सापडली. माफी राहिली बाजूला, उलट निरोप आला, झालंगेलं विसरा अन् दसऱ्याला आमचा जंबिया चकचकीत करून द्या, जिंतूरहून तहसीलदार यायचे हायेत. घ्या! धुरपताबाई तेव्हापासून पहाटे अंधारातच पाणी आणायची. मुंजाजीनं आपला राग कामातच घातला.

जंबिया देताना तो लय अदबीनं बोलला.

"सरकार, पूजेपर्यंत फडकं सोडू नका. तेज जाईल."

दसऱ्याला आबासाहेबांनी रिवाजाप्रमाणं मूठ कपाळाला टेकवली आणि जंबिया हातात घट्ट धरून सीमोल्लंघनाला निघाले. ऊन रखरखीत. घाम पुसायला तोच हात तोंडावरून फिरवायचा, पुन्हा मुठीवर ठेवायचा. शमीच्या झाडापाशी पोचेस्तोवर कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडं काळे फराटे उमटले. भटजींनी पाणी दिलं, कुणी लिंबू चोळलं. कातडं सोलवटलं, काळं काही हललं न्हाई. तहसीलदार रुमालाआड खोकायला लागले. गावानं माना खाली घातल्या, हसू दिसू नये म्हणून.

आबासाहेब गरजले, जिनगराला आणा. मुंजाजी हात जोडून पुढं झाला. मूठ धुवायची राहून गेली, म्हणाला. आता पाठीवर कोरडे पडणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. धुरपताबाई आली होती, भर उन्हात, पदर मागं सारून. तिनं आपट्याचं पान आबासाहेबांच्या काळ्या तळहातावर ठेवलं आणि त्यांच्या तोंडाकडं सावकाश, पोटभर बघून घेतलं.

"सोनं घ्या, सरकार," ती म्हणाली. "तुमचं पंधरा दिवसांत जाईल. माझं अजून गेलं न्हाई."