कल्याणीचा हात

कल्याणीने उडी मारून फेकलेला चेंडू गोलरक्षक मुलीला दिसलासुद्धा नाही, तो थेट जाळ्यात गेला. मैदानावरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. हँडबॉल संघाच्या प्रशिक्षक वत्सला पाटणकर मात्र शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर केळुसकरांच्या टॅबकडे बघत राहिल्या. कल्याणीच्या हातावर चढवलेल्या सुट्या बाहीतल्या सेन्सरने तिची प्रत्येक फेक मोजली होती आणि त्यातूनच हे निदान निघालं होतं.

"खांदा ठणठणीत आहे. पण मज्जातंतू सुकायला लागलेत," डॉक्टर म्हणाले. "अजून वर्षभर तिला काही जाणवणार नाही. मग आधी बोटं जातील, नंतर हात."

"उपाय?"

"इतक्या लवकर ओळखता येतं, बाई. थांबवता येत नाही."

तेवढ्यात कल्याणी धापा टाकत आली. "मॅडम, वेग वाढलाय ना माझा?"

वत्सलाबाईंना खोटं बोलवेना. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि अडखळत सगळं सांगितलं. कल्याणीने आपला तळहात एकदा मिटून उघडून पाहिला.

"पण आज तर हात माझाच आहे ना, मॅडम?"

"हो गं."

"मग हे कशाला?" तिने बाही ओढून काढली, डॉक्टरांच्या हातात दिली आणि पुन्हा गोलासमोर जाऊन उभी राहिली.

वत्सलाबाईंना शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या उठल्या आणि पिशवीतला एकेक चेंडू तिच्याकडे टाकत राहिल्या. अंधारून जाळं दिसेनासं झालं, तरी "आता बास" म्हणायची त्यांची छाती झाली नाही.