थंडाव्यात टिकणारी गाठ

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात चांगुणा सकाळपासून आपल्या जन्मांध लेकीच्या, शेवंतीच्या, पापण्यांवर बर्फाची पुरचुंडी धरून बसली होती. डोळ्यांत घातलेलं औषध दुसऱ्याच मुलीच्या जनुकावर बेतलेलं, तिच्याकडून उरलेलं. शेवंतीच्या जनुकाशी ते एका अक्षराने जुळेना, त्यामुळे अंगाच्या उबेनेच औषधाची नि जनुकाची गाठ सुटायची.

“थंडाव्यात टिकेलही,” औषध घालताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

“आये, पुरे! मी काय पापलेट आहे?”

“गप गं, घटकाभर!”

माणसाच्या जनुकांच्या तीनशे कोटी अक्षरांत एकाच अक्षराचा अडसर, आणि त्यावर उतारा मासळीचा बर्फ! चांगुणाने भीतभीत हात काढला.

शेवंतीने डोळे उघडले. बघतच राहिली. मग तिचं बोट आईच्या नाकाशी आलं.

“आये, ही तुझी चमकी होय? हाताला कधी अशी लागली नाही गं!”