पहिलं पान शेवटी

अर्जात हजेरी क्रमांकाची जागा रिकामी होती. बाइंडिंगवालीने सुई ओठांत धरली आणि लेकीकडे बघून नुसती भुवई उडवली.

"एकतीस," लेक म्हणाली.

तिने एकतीस लिहिलं, सही ठोकली आणि शाळा सोडण्याचा तो अर्ज खळीच्या डब्याखाली सरकवला. सोमवारी शाळेची पुस्तकं पोचवायला जायचंच होतं, त्याच फेरीत हेही उरकणार होतं.

आता कुणी म्हणेल, काय ही आई! पण तिचंही ऐका. लेक इंग्रजीच्या चार चाचण्यांत ओळीने नापास. शंभरात एकोणीस हा तिचा आजवरचा विक्रम. इकडे नवऱ्यामागे दुकान दोनच हातांनी ओढायचं. "मला मरायलाही फुरसत नाही," हे वाक्य बाइंडिंगवाली दिवसातून दहादा म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. शाळेत वर्षं वाया घालवण्यापेक्षा लेकीच्या हाताला काम तरी लागेल, असा तिचा साधा हिशेब होता. लेक त्यावर एक अक्षर बोलली नव्हती. ती तशीही फारसं बोलायची नाही.

गेल्या महिन्यात इंग्रजीच्या बाई स्वतः दुकानात येऊन गेल्या होत्या. स्टुलावर पंधरा मिनिटं बसल्या. लेकीचे चारही पेपर पुढ्यात ठेवून म्हणाल्या, पेपर कोरा कधीच नसतो, इंग्रजी सोडून सगळं असतं त्यात. मग विचारलं, हे पेपर माझ्याकडे ठेवले तर चालतील का? बाइंडिंगवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसं लिहू नये, ते वर्गाला दाखवणार असतील. ठेवा, म्हणाली. निघताना बाई दाबयंत्रापाशी थांबल्या, हात लावू का म्हणाल्या आणि त्याच्या दांड्यावरून लहान मुलासारखा हात फिरवून गेल्या.

आणि आता त्याच बाईंचं पुस्तक शिवायला आलं होतं. चाळीस प्रती. सिमिली, आयरनी, हायपरबोली असले इंग्रजीच्या तासाचे शब्द मुलांच्या पचनी पडावेत म्हणून बाईंनी शक्कल लढवली होती. शब्द इंग्रजी, पण अर्थ आणि उदाहरण आपल्या भाषेत. पहिलं पान तेवढं यायचं होतं. पुस्तकाचं पहिलं पान छापखान्यातून नेहमी शेवटीच येतं.

बाइंडिंगवाली हातातलं पुस्तक सहसा वाचत नसे. वाचत बसली तर शिवणार कधी? पण पानं क्रमाने लावताना नजर पडायचीच.

"पर्सोनिफिकेशन: निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, ते. उदाहरण: दाबयंत्राने पुस्तकाला मिठी मारली आणि सकाळपर्यंत सोडली नाही."

तिने वळून कोपऱ्यातल्या दाबयंत्राकडे पाहिलं. खरंच की. इतकी वर्षं ते चाक ती फिरवत होती, पण मिठी काही तिला दिसली नव्हती.

पुढच्या पानावर हायपरबोली होती, म्हणजे अतिशयोक्ती. "तिला मरायलाही फुरसत नव्हती, म्हणून ती जगत राहिली."

अगं बाई, हे तर माझंच वाक्य, म्हणत ती मोठ्याने हसली. मग तिने ते परत वाचलं आणि तेव्हा मात्र तिला हसू आलं नाही.

तिसऱ्या पानावर सुई हातातच राहिली.

"आयरनी: व्हायला हवं एक आणि होतं नेमकं उलटं. उदाहरण: जिने हजारो पुस्तकं शिवली, तिला एकही वाचून पुरं करता आलं नाही."

तिचे डोळे भरून आले. पदराने पुसले तरी भरतच राहिले. केवढी ही बाई! पंधरा मिनिटं स्टुलावर काय बसली, सगळा जन्म वाचून गेली. असं माणूस आपल्या दुकानाची पायरी चढून आलं याचाच तिला अभिमान वाटायला लागला.

लेक नुकतीच शाळेतून येऊन बूट काढत होती. बाइंडिंगवालीने तिला तिन्ही उदाहरणं वाचून दाखवली.

"बघ, याला म्हणतात लिहिणं. त्या एकदा आल्या आणि एवढं बघून गेल्या. तू जन्मापासून इथे बागडतेस, तुला काय दिसलं?"

लेकीने बूट सरळ लावून ठेवले. मग विचारलं, "तुला कुठलं आवडलं?"

"शेवटचं. इतक्या वर्षांत कुणीतरी माझ्याकडे नीट बघितलं गं."

लेक हात धुवायला आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

बाइंडिंगवालीने कपाटातून गर्द लाल कापड काढलं. कुठल्याशा खास कामासाठी म्हणून ते तिने वर्षानुवर्षं जपलं होतं. बाकीच्या एकोणचाळीस प्रतींना साधा पुठ्ठा, पण बाईंच्या स्वतःच्या प्रतीला हे लाल कापड. त्या प्रतीची शिवण तिने दुहेरी दोऱ्याने घातली, टाका न् टाका मोजून. पहिलं पान चिकटवलं की कव्हर चढवायचं, एवढंच राहिलं होतं.

सोमवारी सकाळी छापखान्याचा माणूस पहिल्या पानांचा गठ्ठा टाकून गेला. लेक दप्तर न घेताच दारात उभी होती. बाइंडिंगवालीने खळीचा डबा उचलला. खालचा अर्ज निघाला, तो पिशवीत घालण्यासाठी बाजूला ठेवला. मग बाईंची प्रत पुढ्यात घेतली, कडेला खळीचं बोट फिरवलं आणि पान वाकडं बसू नये म्हणून उजेडाकडे धरलं.

वर पुस्तकाचं नाव होतं. त्याखाली बाईंचं. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत दोन ओळी:

"या पुस्तकातलं एकूण एक उदाहरण नववी 'ब', हजेरी क्रमांक एकतीस, हिच्या नापास उत्तरपत्रिकांतून घेतलं आहे."